भागोजीच्या वाट्याचा घोट

आंबेकोंडच्या उपकेंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले ती १९८१ साली. रत्नागिरीहून मालगुंडच्या एसटीत बसायचं, मध्येच फाट्यावर उतरायचं आणि सड्याच्या उघड्या पठारावरच्या काळ्या कातळातून तासभर चालायचं. पहिल्या दिवशी फाट्यावर उतरले तेव्हा हातात पत्र्याची ट्रंक होती, पायात नवी चावरी चप्पल होती आणि डोक्यात राग होता. मला चिपळूणच्या जवळचं गाव हवं होतं, आईबाबांच्या हाकेवरचं, आणि साहेबांनी दिलं हे. माझा स्वभाव आधीच फटकळ, त्यात चैत्राचं ऊन. ट्रंक उचलणार इतक्यात एका माणसानं ती स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि मला न विचारता चालायला लागला.

"नर्सबाय ना? आठ दिस गाऱ्हाना घातला, तवा तुमी आलाव," तो पुढे बघतच म्हणाला.

हा भागोजी. तेव्हा त्याचं वय अडतीस-चाळीस असेल, माझं चोवीस. तोंडावर मी त्याला दादा म्हणायची. आता तो जितका जगला त्याहून मी म्हातारी झाले आहे, म्हणून इथं एकेरी लिहिते. त्यानं हरकत घेतली नसती.

भागोजी चिरेखाणीवर होता. टिकावानं जांभा दगड तासून घराचे चिरे काढायचा. सकाळी आठला खाणीतून ठक ठक सुरू झालं की मी स्टोव्हला पंप मारायची, मला घड्याळ लागायचं नाही. पण गावात त्याचा मान होता तो आवाजामुळे. गाऱ्हाणं घालायचं ते भागोजीनंच. त्याच्या आधी त्याच्या बापानं, त्याच्या आधी आज्यानं. लग्न असो, विहीर खणायची असो, कुणाचं पोर तापानं फणफणलेलं असो, भागोजी हात जोडून देवापुढे उभा राहायचा आणि सगळ्या गावाच्या वतीनं मोठ्यानं मागायचा. एकेक मागणं संपलं की मागे उभी असलेली माणसं म्हणायची, "व्हय म्हाराजा." मुंबईच्या गिरण्यांतून, गोदीतून असलेल्या पोरांची नावं त्याला तोंडपाठ. कुणाचं नाव सुटायचं नाही. एकदा तर त्यानं माझ्या बदलीचा अर्ज नामंजूर व्हावा म्हणूनही मागितलं होतं आणि तसं मला हसत हसत सांगितलंही. अर्ज नामंजूरच झाला. आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही.

आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी सत्तावन्न साली दीक्षा घेतली. त्यामुळे देव, गाऱ्हाणं यात माझं काही नव्हतं, आणि माझं काय करायचं हे गावालाही पहिले सहा महिने उमगलं नाही. सुईसाठी दंड पुढे करायचे, पण माझ्या घरचं पाणी नको. "आत्ताच प्यालो बाय," हे ठरलेलं उत्तर. मी लहानपणी पाहिलं होतं: आमच्या गावच्या हॉटेलात वडिलांचा कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा, चहा पिऊन झाला की तो त्यांनीच विसळून परत टांगायचा. त्यामुळे मला नवल वाटलं नाही, रागच आला. भागोजी मात्र पहिल्याच आठवड्यात माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "चा करा बाय, गूळ जरा जास्त." चहा प्याला, कप तिथंच ठेवला आणि उठून गेला. विसळला नाही. तो कप मी विसळला आणि विसळताना मला रडू आलं, हे आज पहिल्यांदा सांगते आहे. त्यानंतर हळूहळू ओट्यावर माणसं बसायला लागली.

ती तीन वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यात सुखाची. लशीचा थर्मास फाट्यावरून भागोजी आणायचा. बर्फ वितळू नये म्हणून धावत यायचा आणि आल्यावर म्हणायचा, "घ्या तुमचा नवरदेव, घाम पुसा त्याचा." त्याची बायको तुळसा माझ्याकडे नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी पाठवायची. आजही जवळा भाजला की मला ती पत्र्याची पडवी दिसते.

आणि वर्षातून एकदा राखण. भात झोडून घरात आलं की गावातले पुरुष शिवेवरच्या आंब्याखाली जमायचे. तिथं एक शेंदूर लावलेला दगड, तो राखणदार. वर्षभर त्यानं शेतं राखली म्हणून त्याला कोंबडा, नारळ आणि दारू द्यायची. भागोजी गाऱ्हाणं घालायचा, मग नारळाच्या करवंटीत दारू ओतायचे, पहिला घोट गाऱ्हाणं घालणाऱ्याचा, आणि तीच करवंटी हातोहात सगळ्यांत फिरायची. बायकांनी तिथं जायचं नसतं. मी वरच्या वाटेवर कुंपणाला टेकून ऐकत उभी राहायची. भागोजी एरवी दारूला शिवायचा नाही. वर्षाचा तो एक घोट, तोही काढा प्यायल्यासारखं तोंड करून.

चौऱ्याऐंशी साली त्याच्या मुंबईतल्या भावजयीचं मोठं ऑपरेशन ठरलं. रक्त लागणार म्हणून भागोजी गेला. छाती पुढे काढून गेला. चिरेखाणीवरचं रक्त आहे, दोन बाटल्या घ्या म्हणावं, असं मला सांगून गेला. पाचव्या दिवशी परत आला तेव्हा खिशात एक चिठ्ठी होती. रक्त घेतलंच नव्हतं. नुसता नमुना तपासला, नको म्हणाले आणि गावी गेल्यावर डॉक्टरला दाखवा म्हणून सांगितलं.

मी त्याला रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यातल्या एका जुन्या, शांत डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी चिठ्ठी वाचली, त्याचं पोट चाचपलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. काविळीचे जंतू रक्तात आहेत. कधीतरी न उकळलेल्या सुईतून आले असतील, जन्मतः आईकडूनही असतील, सांगता येत नाही. यावर आज औषध नाही. ते आयुष्यभर राहतील, पण कदाचित आयुष्यभर गप्पही बसतील. दारूचा थेंब नको. वस्तरा, सुई वेगळी ठेवा. ताट, कप, पाणी, शेजारी बसणं, यानं कुणाला काही होत नाही. तुळसाचं रक्तही तपासून घेतलं, ते चांगलं निघालं.

एसटीत भागोजी खिडकीतून बाहेर बघत बसला होता. हातखंब्याच्या पुढे म्हणाला, "कावीळ झाली तर डोले पिवले व्हतात. माजे तर काय नाय. मग ही कसली?"

"आत आहे, झोपलेली. उठवू नका म्हणजे झालं," मी म्हटलं. मला वाटलं, छान सोपं सांगितलं.

आता माझी चूक सांगते. ती दुसऱ्या कुणाची नाही.

गावात दर रविवारी जानू न्हावी यायचा. देवळाच्या पारावर बसून अख्ख्या वाडीच्या दाढ्या एका वस्तऱ्यानं करायचा. डॉक्टरांचं वाक्य माझ्या डोक्यात ताजं होतं. मी आपली तडक पारावर गेले. वीस-पंचवीस माणसं ओळीनं बसलेली. आणि मी, फटकळ, शहाणी, सरकारी साडीतली, सगळ्यांसमोर जानूला म्हणाले, "भागोजीदादांचा वस्तरा वेगळा ठेवायचा. त्यांच्या रक्तात दोष आहे."

जानूनं मान डोलावली. ओळीतल्या माणसांनी त्या वाक्यातले दोनच शब्द घरी नेले: वेगळा आणि दोष.

पंधरा दिवसांनी मी हरिश्चंद्राच्या हॉटेलात चहापत्ती आणायला गेले. हॉटेल म्हणजे एक पडवी, दोन बाकडी आणि शेवाची बरणी. हरिश्चंद्र हा भागोजीचा बालमित्र, शाळेत एका पाटीवर लिहिलेले दोघं. भागोजी पडवीच्या बाहेर, पायरीवर बसला होता. त्यानं चहा संपवला, उठला, डब्यातलं पाणी घेऊन कप विसळला आणि खांबावरच्या खिळ्याला टांगला. निळी किनार असलेला, कान फुटलेला कप. मला बघून ओशाळला आणि म्हणाला, "बरा हाय बाय. हरीची भांडी वाचतात."

मी चहापत्ती न घेता घरी आले. वडिलांचा कप ज्या खिळ्याला होता तोच खिळा मी स्वतःच्या हातानं दुसऱ्या माणसासाठी ठोकला होता. आणि दुसऱ्या दिवशीही मी कुणाला काही बोलले नाही, कारण बोलायचं म्हणजे आधी स्वतःची चूक कबूल करायची, आणि ते माझ्यानं झालं नाही. दोन वर्षं झालं नाही.

त्या दोन वर्षांत भागोजी बदलला. खाणीवर जायचा, पण मध्येच टिकाव ठेवून कातळावर बसून राहायचा. सकाळचं ठक ठक थांबलं की मला स्टोव्हपाशी कळायचं. तुळसा सांगायची, हे झोपत नाहीत, पडवीत फेऱ्या घालतात, हाताच्या शिरा बघत बसतात. लग्नात त्याला गाऱ्हाणं घालायला बोलवायचे, कारण ते दुसऱ्या कुणी घालायचं नाही, पण पंगतीत पत्रावळ कडेला मांडायचे. देवाशी बोलायला चालतो आणि भाताला चालत नाही, असा हा हिशेब.

मग तो ओहोळापलीकडे जायला लागला. तिथं काजूच्या बागेत चिमाची हातभट्टी होती. रोज संध्याकाळी. मी एकदा खाणीवर जाऊन त्याला चांगलं फैलावर घेतलं. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, तुळसाचा तरी विचार करा, वगैरे सगळं. त्यानं ऐकून घेतलं. टिकावाच्या दांड्यावरचा हात काढला आणि शांतपणे म्हणाला:

"चिमाकडं एकच पेला हाय बाय. समदी त्याच पेल्यातून पितात. माजा पिऊन झाला की पुढचा तसाच तोंडाला लावतो, धूत पन नाय. मी दारू प्यायाला नाय जात. तो पेला फिरताना बघायला जातो."

मी औषधांची पेटी उचलली आणि उपकेंद्राकडे चालायला लागले.

श्याऐंशीच्या पावसात त्याचे डोळे खरोखर पिवळे झाले. पोट फुगलं, पाय सुजले. डोलीतून फाट्यापर्यंत नेला. सरकारी दवाखान्यात दीड महिना होता. तिथं त्याच्या अंगाला कंप सुटायचा, भलतंच बोलायचा, भिंतीवर मुंग्या दिसायच्या त्याला. मी रजा टाकून चार दिवस तुळसासोबत राहिले. बरा झाला तेव्हा आधीच्याच त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. लिव्हर अजून दम धरून आहे, म्हणाले, पण आता प्यायला लागला तर पुढच्या पावसापर्यंत जाईल. एका घोटानं मरणार नाही, पण त्याचा एक घोट एकच राहणार नाही, हे लक्षात ठेवा.

दसऱ्याला तो घरी आला. पँट दोरीनं बांधलेली, गालफडं बसलेली. मी त्याच दिवशी हरिश्चंद्राच्या हॉटेलात गेले. संध्याकाळी, बाकडी भरलेली असताना. खिळ्यावरचा तो निळ्या किनारीचा कप काढला आणि म्हटलं, "यात चहा दे."

"बाय, तो…"

"ठाऊक आहे कुणाचा ते. दे."

तो चहा मी सगळ्यांसमोर प्याले आणि मग बोलले. दोन वर्षं साठलेलं होतं, धड वाक्यंही जुळली नाहीत. चूक माझी, म्हटलं. वस्तरा म्हणाले होते मी, कप नव्हे. कपातून ही कावीळ जात नाही, डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, आणि ते मी तुम्हाला सांगितलं नाही. माझ्या बापाचा कप असाच टांगलेला असायचा. वेगळा कप माणसाचं काय करतो ते मला विचारा. तुम्ही त्याला पायरीवर बसवलंत, म्हणून तो ओहोळापलीकडे गेला.

एकानं विडी पेटवली. हरिश्चंद्रानं माझ्या हातातून कप घेतला, क्षणभर थांबला, आणि सवयीनं परत खिळ्याला टांगला. मी तशीच उठून आले. वाटेत चप्पल तुटली ती उचलून घेतली नाही, इतका संताप.

नोव्हेंबरात भात घरात आलं. राखणीच्या आदल्या दिवशी तुळसा माझ्याकडे आली आणि उंबऱ्यातच बसली.

"बाय, उद्या राखण. गाऱ्हाना ह्यांनीच घालायचा. मंग पयला घोट ह्यांचाच. मी म्हनलं, नका घेव. तर म्हनतात, राखनदाराचा घोट नाय घेतला तर गाऱ्हाना फुकट जातो, गावाचा वाईट झाला तर माज्यावर येल. आनि देवाची दारू म्हनून त्या करवंटीला माज्या मागं समदी तोंड लावतात, तेवडी एक करवंटी ऱ्हायलीय मना." ती पदर तोंडाला लावून रडली. "दोन म्हयने थेंब घेतला नाय त्यांनी. उद्या घेतला की परवा ओहोळापल्याड."

मी गावच्या चार जाणत्यांकडे जाऊन आले. दुसऱ्या कुणी गाऱ्हाणं घाला म्हटलं. चौघांनीही ऐकून घेतलं आणि चौघांनीही सांगितलं की असं कधी झालेलं नाही. हरिश्चंद्राकडे मी गेलेच नाही. त्या खिळ्यानंतर मला त्याचं तोंड बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या जागी, वरच्या वाटेवर, कुंपणाला टेकून उभी राहिले. खाली आंब्याखाली तीसेक माणसं. भागोजी दगडासमोर उभा राहिला, हात जोडले. आवाज बारीक झाला होता, पण शब्द तेच, लय तीच.

"बा म्हाराजा, सालाबादपरमाना तुजी लेकरा तुज्या पायाशी गोला झाली हायत. तू रान राखलास, भात राखलास, आमची गुरा राखलीस…"

"व्हय म्हाराजा."

"मुंबैत हायत त्यांना सुकात ठेव. कुनाचा काय चुकला असंल ता पदरात घे…"

"व्हय म्हाराजा."

त्यानं एकेकाचं नाव घेतलं. हरिश्चंद्राच्या पोराला नोकरी मिळावी म्हणून मागितलं, जानूच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी मागितलं. ज्यांनी पत्रावळ कडेला मांडली त्यांच्या गुरांसाठीही मागितलं. मी पाच वर्षं ऐकत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की या माणसानं गाऱ्हाण्यात स्वतःचं नाव कधीच घेतलेलं नाही. गाऱ्हाणं घालणाऱ्यासाठी गाऱ्हाणं घालायला कुणी नसतंच.

नारळ फुटला. एका करवंटीत दारू ओतून ती त्याच्या हातात दिली. करवंटी छातीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. तो करवंटीकडे बघत होता आणि सगळे त्याच्याकडे. माझी नखं कुंपणाच्या काठीत रुतली होती.

तेव्हा हरिश्चंद्र पुढे आला. त्यानं भागोजीच्या हातावर हात ठेवला आणि करवंटी काढून घेतली. दगडाकडे तोंड केलं. त्याला गाऱ्हाणं घालता येत नव्हतं, कधी घातलेलंच नव्हतं. घसा दोनदा खाकरला.

"म्हाराजा, मना शब्द येत नायत. ह्यो भागोजी वीस वरसा समद्यांचा मागतो. आज मी त्याचा मागतो. त्याच्या वाट्याचा घोट तूच घे. त्याचा दोष लावायचा तर त्याला लावू नको, मना लाव. म्या त्याला पायरीवर बसवला." त्यानं करवंटी पुढे केली. "त्याला ऱ्हाव दे म्हाराजा."

सगळी करवंटी त्यानं दगडावर उपडी केली.

असं गाऱ्हाणं मागच्या माणसांनी ऐकलेलंच नव्हतं, होकार द्यायचा की नाही हेही कळेना. मग मागून जानू न्हाव्याचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." आणि मग सगळ्यांचा. वरच्या वाटेवर माझेही ओठ हलले. खोटं कशाला सांगू? देवाला नाही म्हटलं मी. त्या माणसांना म्हटलं.

हरिश्चंद्रानं दुसरी करवंटी घेतली, तिच्यात फुटलेल्या नारळाचं पाणी गाळून ओतलं आणि भागोजीपुढे धरली. "पी पयला."

भागोजीनं एक घोट घेतला. हरिश्चंद्रानं त्याच्या हातातून करवंटी घेतली आणि न पुसता, जिथं भागोजीचे ओठ लागले होते तिथंच आपले लावले. मग ती पुढे गेली. एकेकाच्या हातात, एकेकाच्या तोंडाला. कुणी नुसतीच ओठांना लावली असेल, कुणी भीत भीत. पण तिसांपैकी एकानंही ती तोंडाला न लावता पुढे दिली नाही. पाणी संपत आलं की कुणीतरी दुसऱ्या नारळाचं ओतायचं. भागोजी ती फिरताना बघत उभा होता, तोंड वेडंवाकडं करून, लहान पोर रडू आवरतं तसा.

शेवटी करवंटी परत त्याच्याकडे आली. त्यानं आत बघितलं, मग मान वर करून माझ्याकडे. आणि चढ चढून यायला लागला. दम लागत होता, दोनदा थांबला. मागे सगळा गाव वर बघत होता. राखणीच्या जागेवरून काहीही बाईमाणसाकडे जात नाही, आणि माझ्यासारखीकडे तर नाहीच नाही.

तो कुंपणापाशी आला. करवंटीत तळाला दोन घोट पाणी होतं, त्यात आंब्याचं एक वाळकं पान पडलेलं. त्यानं ते बोटानं काढलं.

"घ्या बाय," तो म्हणाला. "तुमीच ऱ्हायलाव."

मी प्याले. भागोजी त्यानंतर नऊ वर्षं जगला.